पत्र्यामागचं बोट

मोटारीच्या मागच्या चाकात, ब्रेकच्या ड्रमच्या आत, प्रत्येक शूला, म्हणजे ड्रमवर दाबून चाक थांबवणाऱ्या तुकड्याला, धरून ठेवणारी एक छोटी स्प्रिंग असते. आमच्या मारुती ८०० मध्ये ती म्हणजे पोलादाची दुमडलेली पट्टी, अंगठ्याच्या पेराएवढी, मधोमध चीर पडलेली. मागच्या पत्र्यातून एक बारीक पिन येते, शूच्या भोकातून बाहेर पडते आणि या पट्टीच्या चिरेतून डोकं वर काढते. पिनचं ते टोक चपटं असतं. पट्टी अंगठ्यानं दाबून धरायची, टोक पकडीत धरून पाव वळसा फिरवायचं आणि सोडून द्यायचं. टोक चिरेला आडवं येतं आणि पट्टी अडकते.

गाडी थांबवण्याचा भार या स्प्रिंगेवर नसतो. पायानं ब्रेक दाबला की तेलाचा दाब चाकामागच्या सिलिंडरपर्यंत पोचतो, त्यातले दोन पिस्टन बाहेर सरकतात आणि दोन अर्धगोल शू ड्रमच्या आतल्या भिंतीवर दाबले जातात. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. घर्षणाच्या धड्यात मुलांना हे सांगताना मला दर वर्षी तेवढाच आनंद होतो, कारण यात एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. फिरता ड्रम एका शूला आपल्याबरोबर ओढू पाहतो आणि त्या ओढीनं तो शू ड्रमवर आणखी घट्ट बसतो. म्हणजे थांबवायची ती गतीच थांबवायला हातभार लावते. १९०२ साली लुई रेनॉनं या रचनेला आजचं रूप दिलं असं मानतात, आणि रस्त्यावरच्या लाखो लहान गाड्यांच्या मागच्या चाकांत ती अजून आहे.

ती छोटी पट्टी मात्र या सगळ्यात काहीच करताना दिसत नाही. शू मागच्या पत्र्याला टेकलेला राहावा एवढंच ती पाहते. ती निसटली तर शू कलतो, एका कडेनं झिजतो, खडखडतो, आणि एखाद्या दिवशी ड्रमच्या आत आडवा होऊन बसू शकतो.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस बडोद्यात पाणी आलं. पावसानं थांबायचं नाव घेतलं नाही, आजवा तलावाचं पाणी वरून उतरत होतं, आणि विश्वामित्री, जिची धोक्याची खूण २६ फुटांवर आहे, ती ३५ फुटांच्या वर गेली. गोकुळाष्टमीचे दिवस. आमच्या कारेलीबागेत घराघरांत पाणी होतं, नदीतल्या मगरी वस्तीत आल्याच्या बातम्या होत्या आणि त्या खऱ्या होत्या. आमची गाडी फाटकातून आत येणाऱ्या चढावर उभी असते, म्हणून पाणी इंजिनापर्यंत चढलं नाही, पण मागची चाकं बुडाली. चढावर उभी म्हणूनच हँडब्रेक ओढलेला होता. हँडब्रेकची तार मागच्या चाकांतले तेच शू ड्रमवर दाबून धरते. पाणी ओसरलं तेव्हा ड्रमच्या लोखंडावर गंज धरला होता आणि शू त्याला चिकटून बसले होते. हँडब्रेक खाली केला तरी मागचं डावं चाक तसूभर हलेना.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण पुन्हा पूर आला तर कुणाच्या तरी उपयोगी पडेल. गाडीच्या इंजिनात पाणी गेल्याची जराशी शंका असली तरी किल्ली फिरवू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला तर त्याला जायला जागा नसते आणि त्याचा दांडा वाकतो. त्या आठवड्यात बडोद्यात कितीतरी गाड्या दोरानं बांधून, टोइंग करून गॅरेजपर्यंत जात होत्या, आणि प्रत्येक गॅरेजसमोर चिखलानं माखलेल्या गाड्यांची रांग लागली होती. आमचा नेहमीचा मिस्त्री फोनवर एवढंच म्हणाला, "बेन, गणपती पछी," म्हणजे गणपतीनंतर. त्याचं बरोबर होतं. ज्यांची इंजिनं बुडाली होती त्यांचा नंबर आधी लागायला हवा होता.

गणपती ७ सप्टेंबरला बसणार होते. त्याच्या आधीच्या रविवारी नाना म्हणाले, "ड्रम आपण उघडू."

नाना माझे सासरे. वय ऐंशीला टेकलेलं. आयटीआयमधून फिटर होऊन मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, जीआयडीसीत, त्यांनी सगळी नोकरी काढली. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्यात काचबिंदू. वर्तमानपत्राचे मथळे तेवढे वाचतात, बाकीचं मी किंवा माझी लेक वाचून दाखवते. त्यामुळे "आपण उघडू" याचा अर्थ हात माझे, डोळे माझे, आणि बाकी सगळं त्यांचं, हे दोघांनाही न बोलता कळलं. हे भरूचला कामावर होते. घरात मी, नाना, सासूबाई आणि बारावीतली लेक.

ब्रेकचं काम हौसेनं घरी करू नये, हे मी मनापासून सांगते. शेजारी नाना नसते तर मी त्या चाकाला हात लावला नसता. जाणतं माणूस जवळ हवं आणि गाडी रस्त्यावर नेण्याआधी तपासायची शिस्त हवी. आमच्याकडे दोन्ही होतं.

नानांची शिस्त म्हणजे काय ते सांगते. पुढच्या चाकांना दोन्हीकडून विटा. जॅकवर गाडी नुसती उचलायची, ठेवायची घोडीवर, कारण जॅक बसू शकतो. चाकाखाली जुनी पांढरी चादर अंथरायची. उडालेली स्प्रिंग मातीत सापडत नाही, चादरीवर दिसते. सासूबाईंकडून स्टीलचं ताट मागून घ्यायचं आणि निघेल तो भाग निघेल त्याच क्रमानं, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं त्यात मांडायचा. डावं चाक उघडलं असताना उजव्याला हात लावायचा नाही, म्हणजे कुठली स्प्रिंग कुठल्या बाजूला, हा प्रश्न पडला तर दुसरीकडे उत्तर शाबूत असतं. आणि ड्रम काढल्यावर ब्रेकच्या पेडलला कुणी पाय लावायचा नाही, नाहीतर पिस्टन सिलिंडरच्या बाहेर येऊन तेल सांडतं. लेकीनं वहीच्या कागदावर "पाय लावू नये" असं लिहून तो स्टिअरिंगला चिकटवला.

ड्रम निघायला वेळ लागला, पण तो निघाला. टोपी, स्प्लिट पिन, मोठा नट, मग लाकडाचा ठोकळा मध्ये धरून हातोडीनं कडेकडेनं ठोकत राहायचं. एका जागी जोरात मारायचं नाही, सगळीकडून थोडं थोडं. ड्रम सुटला तेव्हा आतून गाळ आणि गंजाचा लालसर चिखल पडला. जुन्या काळच्या लायनरमध्ये, म्हणजे शूवर चिकटवलेल्या घर्षणाच्या थरात, ॲस्बेस्टॉस असायचं, म्हणून नाना आयुष्यभर ब्रेकची धूळ कधी फुंकत नाहीत आणि दुसऱ्यालाही फुंकू देत नाहीत. ओलं फडकं, पुसून पिशवीत, पिशवी कचऱ्यात. लायनर शूपासून सुटायला लागले होते. नवे शू आणि स्प्रिंगांचं पाकीट लेक सायकलवर जाऊन घेऊन आली.

वरची मोठी ओढस्प्रिंग बसली. खालची बसली. हँडब्रेकची तार अडकली. राहिली ती पट्टी.

पुढच्या शूची पट्टी सहज बसली. मागच्या शूची बसेना. अंगठ्यानं दाबायची, चिरेतून पिनचं टोक दिसायला हवं तर ते चिरेच्या आतच राहायचं. पकडीला धरायला काही मिळेना. जास्त दाबावं तर पिन मागे सरकायची, कारण मागून तिला धरणारं कुणी नव्हतं. लेक म्हणाली, पट्टी थोडी वाकवून चपटी करू. मलाही ते पटायला लागलं होतं. हातात पक्कड असली की वाकवण्याची बुद्धी लवकर होते. नाना म्हणाले, "नको. वाकवलेली पट्टी बसेल, पण धरणार नाही. स्प्रिंगेचा जीव तिच्या वळणात असतो." मग ते चौरंग सरकवून चाकाच्या आतल्या बाजूला बसले, हात पत्र्यामागे घातला आणि पिनच्या डोक्यावर बोट ठेवलं.

त्यांना त्या बाजूचं काही दिसत नव्हतं. दिसलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण तिथे डोळा पोचतच नाही. पत्र्याच्या मागे चेसिस आहे, तेलाची नळी आहे, मधे चार बोटांची जागा. माझा हात पुढून, त्यांचा मागून, मध्ये पत्रा. पुढून मला पट्टी दिसत होती, पण पिन कुठवर आली आहे ते दिसत नव्हतं. त्यांना दिसत काहीच नव्हतं, पण पिन कुठे आहे ते ठाऊक होतं.

"पिन मागं टेकलीय," नाना म्हणाले.

"पूर्ण?"

"पूर्ण. डोकं पत्र्याला लागलंय."

"मग नाना, पुढं कमी का पडतेय?"

"तेच शोधायचं. पिन तीच आहे, पत्रा तोच. पुढच्या शूला बसली तशीच पट्टी आहे. म्हणजे शू बाहेर आलाय. कुठून आलाय ते बघू नकोस, दिसायचं नाही. बोट घाल."

मी शूच्या कडेवरून बोट फिरवलं. वर शू पत्र्याला टेकलेला होता. मधेही. खाली, हँडब्रेकच्या तारेच्या मागे, जिथे नजर वळत नाही, तिथे नख आत गेलं. पत्र्यावर जागोजाग थोडे उंच केलेले सपाट भाग असतात, शूची कड त्यांच्यावर टेकते आणि ब्रेक लागताना त्यांच्यावरून सरकते. त्यांतल्या खालच्या भागावर पुराचा गाळ गंजात मिसळून दगडासारखा बसला होता. आम्ही पत्रा पुसला होता, पण ही खपली तारेच्या आड राहिली होती. तेवढ्या जाडीनं शू तिरपा उभा होता आणि तेवढीच पिन कमी पडत होती.

पट्टीला नावं ठेवणं किती सोपं होतं. तिचा काहीच दोष नव्हता. आपल्या जागी नसलेल्या शूला धरून ठेवायला ती तयार नव्हती एवढंच. आणि ती वाकवून बसवली असती तर तो तिरपा शू तिनं तसाच झाकला असता, ड्रम वर चढला असता आणि आम्ही गाडी घेऊन गणपती आणायला मांडवीकडे निघालो असतो. हे मनात आलं आणि मी पक्कड ताटात ठेवून दिली.

शू पुन्हा काढायचा म्हणजे दोन्ही ओढस्प्रिंगा पुन्हा काढायच्या. नाना म्हणाले, आधी चहा.

चहा पिताना मला सरस्वतीबाई फाळके आठवल्या, चित्रपटवाल्या दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी. यात ओढूनताणून काही नाही. आमच्या घरात फाळक्यांचा विषय निघतोच, कारण दादासाहेब फाळके मुंबईहून बडोद्याला आले आणि इथल्या कलाभवनात शिकले, आणि नानांचे वडील त्याच कलाभवनात पुढे कित्येक वर्षांनी यंत्रकाम शिकले. फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला छिद्रं पाडायचं यंत्र आणलं, तेव्हा कच्ची फिल्म कडेला छिद्रं न पाडलेली मिळायची. ती छिद्रं घरी पाडावी लागत. उजेडाचा कण लागला तर फिल्म फुकट, म्हणून हे काम अंधारात. ते काम सरस्वतीबाई करत. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला एका फुटात एका कडेला ६४ छिद्रं येतात, दुसऱ्या कडेला तेवढीच. ती जागची हलली की चित्र पडद्यावर थरथरतं. दिवसभर घरचं सगळं करून ती बाई अंधारात बसून फिल्म सरकवत होती, आणि फिल्म नीट बसली की नाही हे तिला फक्त बोटांनी कळत होतं.

भारतीय चित्रपटाचा इतिहास सांगताना आपण कॅमेऱ्याबद्दल बोलतो, कॅमेऱ्यामागच्या डोळ्याबद्दल बोलतो. त्या बोटांबद्दल एका ओळीत आटोपतो. त्या बोटांना काय कळत होतं हे सरस्वतीबाईंना कुणी विचारून लिहून ठेवलं असतं तर आज माझ्यासारख्या शिक्षिकेनं ते वर्गात वाचून दाखवलं असतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

आणि बडोद्यात शिकलेल्या माणसाच्या घरी तर हे व्हायला नको होतं, कारण हे गावच त्या विचाराचं. सयाजीरावांचा लक्ष्मीविलास राजवाडा १८९० मध्ये पुरा झाला आणि त्याच वर्षी त्यांनी कलाभवन उघडलं. पहिल्याकडे पर्यटक जातात. दुसरं आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रविद्या शाखेत सामावलेलं आहे, आणि त्याची इमारत बघायला म्हणून कुणी फारसं येत नाही. माझ्या मनात मात्र दुसऱ्याचं मोल जास्त आहे. कलाभवनाची धुरा त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्याकडे होती. गज्जर रसायनशास्त्राचे, घराणं सुतारकीचं. रंगाई, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम ही कामं हातानं शिकायची, पण त्यांच्यामागचं शास्त्रही शिकायचं, आणि ते शास्त्र आपल्या भाषेत शिकायचं, हा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी देशी भाषेत तांत्रिक पुस्तकं तयार करवून घ्यायचं काम त्यांनी हाती घेतलं, आणि सयाजीरावांनी त्याला पैसा दिला. ज्या काळात शिकलेल्या माणसानं हात काळे करायचे नाहीत आणि हात काळे करणाऱ्यानं शिकायचं नाही अशी सरळ वाटणी होती, त्या काळात हे.

नानांच्या वडिलांचं कलाभवनातलं लिहिलेलं आमच्याकडे काही राहिलेलं नाही. राहिलं आहे ते काटकोन तपासायचा एक गुण्या आणि मूठ नसलेली एक कानस. नाना सांगतात, वडिलांच्या परीक्षेत पोलादाच्या एका पट्टीत चौकोनी खाच कानशीनं घडवायची, दुसऱ्या तुकड्याचा चौकोन करायचा आणि एक दुसऱ्यात बसवायचा. चारही बाजूंनी, उलटसुलट करून. मग मास्तर तो जोड खिडकीपाशी धरून बघायचे. कुठून उजेडाची रेघ दिसता कामा नये, आणि हातोडी मारून बसवलेलाही चालायचा नाही. नुसत्या अंगठ्यानं सरकला पाहिजे. कानस कुठे चालवायची हे डोळ्याला कळायचं बंद होतं तिथून पुढे बोटाला कळायला लागायचं, असं ते म्हणतात. मी विचारलं, बोटाला काय कळायचं? ते हसले, म्हणाले, "आता ते कसं सांगू?"

चहा झाला. स्प्रिंगा काढल्या, शू काढला. गंजाची खपली डिसमिसच्या टोकानं उचकटली, मग पॉलिश पेपरनं ती जागा चकचकीत होईपर्यंत घासली. सहाही टेकू असेच तपासले. प्रत्येकावर काडेपेटीच्या काडीनं ग्रीसचा अगदी बारीक ठिपका, लायनरपासून लांब. उष्णतेला टिकणारं ग्रीस हवं, साधं वितळून लायनरवर उतरतं आणि ब्रेक धरत नाही. शू परत चढवला, वरचं टोक पिस्टनच्या खाचेत आहे ना ते बोटानं पाहिलं, खालचं पाहिलं. सगळ्या कडेवरून नख फिरवलं. कुठेही आत गेलं नाही.

नानांनी पुन्हा पत्र्यामागे हात घातला. "आहे," म्हणाले.

मी पट्टी ठेवली, अंगठ्यानं दाबली, आणि चिरेतून पिनचं टोक वर आलं, पकडीला धरता येईल एवढं. आता फिरवायचं. फिरवताना माझाच अंगठा आणि माझीच पक्कड टोकाला झाकत होते, म्हणजे इथेही बघून भागणार नव्हतं. पण हे काम मला येत होतं. मानेमागे मंगळसूत्राचा फासा अडकवणारी कुठलीही बाई ते रोज करते: न बघता, एका हातानं धरून, दुसऱ्यानं शोधून, आणि अडकला की त्या बारीक ठेचेवरून ओळखून. पकडीच्या दांड्यातून तशीच ठेच लागली. अंगठा हळूहळू सोडला. पट्टी जागच्या जागी राहिली.

"लागली," मी म्हणाले.

"माझ्याकडे कळलं," नाना म्हणाले. "पिन ओढली गेली. आता माझं बोट तिला हलवू शकत नाही."

दोन बाजूंनी दोघांना एकच गोष्ट कळली होती. लेकीनं मोबाइलचा उजेड धरला आणि बघून सांगितलं, टोक चिरेला बरोबर आडवं आहे. ते तपासणं हवंच होतं. पण तोपर्यंत आम्हाला दोघांना ते कळून चुकलं होतं, आणि मला तो आनंद शब्दांत नीट सांगता येत नाही. वीस वर्षं मी या घरात आहे. नानांशी मी आदरानं बोलले, त्यांचं केलं, त्यांच्याशी गप्पा मारल्या. पण त्यांना जे येतं ते माझ्या हाताला लागेल इतक्या जवळ त्या दुपारी पहिल्यांदा आलं.

पुढचं भराभर सांगते. ड्रम चढवला, नट कसला, नवी स्प्लिट पिन घातली. जुनी पिन पुन्हा घालायची नाही, ती एकदा वाकली की तिचं काम संपलं. चाक हातानं फिरवलं, शूचा किंचित घसरता आवाज आला, तेवढा हवा असतो. लेक पेडलवर बसली, दाबत राहिली, पेडल वर कडक लागेपर्यंत. दुसऱ्या दिवशी उजवं चाक उघडलं, कारण शू बदलायचे तर दोन्ही चाकांचे एकदम, नाहीतर ब्रेक लागताना गाडी एका बाजूला ओढते. उजव्या चाकाच्या टेकूंवर हात आधी फिरवला, मग शू चढवले. गल्लीत पायी चालण्याच्या वेगानं गाडी पुढेमागे केली, ब्रेक दाबला, हँडब्रेकवर चढावर उभी केली आणि सगळे खाली उतरून बघत राहिलो. नंतर मिस्त्रीला सवड झाली तेव्हा त्यानं येऊन दोन्ही चाकं एकदा पाहून दिली. त्यालाही आम्ही चहा दिला.

त्या रात्री मी वही काढली. गाडीबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत आहे आणि त्यात हे काम नाही, गॅरेजला न्या एवढंच आहे. मी मराठीत लिहायला बसले. पुढच्या ओळी सोप्या होत्या. विटा, घोडी, चादर, ताट. कुठला नट, कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात, चित्र काढून. पट्टीपाशी आले तेव्हा लिहिलं, "एकानं मागून पिन दाबून धरावी. पिन मागे पूर्ण टेकली आहे याची खात्री करावी." आणि थांबले, कारण खात्री कशी करायची हे त्या वाक्यात नव्हतं. ते पत्र्यामागे बसलेल्या माणसाच्या बोटात होतं, आणि तो माणूस शेजारच्या खोलीत जागा होता.

मी नानांपुढे जाऊन बसले. "नाना, पिन पूर्ण टेकलीय हे तुम्हाला कसं कळलं?"

"कळतं."

"नाही, सांगा. मला लिहायचंय."

त्यांनी बराच वेळ घेतला. मग माझा हात हातात घेतला, माझ्या तर्जनीच्या पेरावर त्यांचं बोट टेकवलं आणि दाबलं. "बघ. पिन टेकलेली असली की दाबल्याबरोबर आपलं बोट चेपतं. पिन जात नाही. टेकलेली नसली तर आधी पिन जाते आणि मग बोट चेपतं. मधे एक क्षण जातो. तो क्षण असला तर नाही टेकली."

मी तसंच्या तसं लिहिलं. मग विचारलं, डोकं तिरपं बसलं असेल तर? ते म्हणाले, "तर बोटाच्या एकाच बाजूला टोचतं. सपाट बसलेलं डोकं सगळीकडून सारखं लागतं." तेही लिहिलं. पुढून अंगठा कसा धरायचा ते मी माझं लिहिलं, पकडीतून लागणाऱ्या ठेचेसकट. अडीच पानं झाली. वाचून दाखवली. त्यांनी एक ओळ दुरुस्त केली: ग्रीसचा "ठिपका" लिहू नकोस, लोक जास्त लावतील, "पुसल्यासारखं" लिही.

मग म्हणाले, पुढचं पान ब्रेकच्या तेलाचं. आपल्या गाडीत डॉट ३ आहे. ते हवेतली ओल शोषत राहतं, आणि ओल शोषली की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. ते आकडे मला माहीत होते, कोऱ्या तेलाचा कमीत कमी २०५ अंश, ओल शोषलेल्याचा १४०. घाटात सारखा ब्रेक लागला की तेल उकळून नळीत वाफ होते आणि पेडल खाली जातं. पावसाळा संपला की ते सगळं बदलायचं आहे. नानांच्या मते नळीतून हवा पूर्ण निघाली हे पेडलवर पाय ठेवणाऱ्याला आधी कळतं, नळीपाशी बसलेल्याला नंतर. ते कसं कळतं हे पायालाच विचारावं लागेल, म्हणून पेडलवर लेक बसणार आहे आणि ते पान तिनं लिहायचं आहे.